गच्चीवरची कोमट टाकी

शहाडच्या मैत्री सोसायटीत पगाऱ्यांच्या घरात मोबाईलला रेंज एकाच ठिकाणी यायची, ती म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीत, कढीपत्त्याच्या कुंडीपाशी. त्यामुळे त्यांची मुलगी संचिता आपलं सगळं ऑफिस ओट्याशेजारी स्टुलावर बसून चालवायची. घरात केबलचं नेटही होतं, पण ती केबल आणि शहाडचे रस्ते खणणारे लोक यांचं काहीतरी जुनं वैर असावं. केबल जोडणारा माणूस पाठ फिरवतो न फिरवतो तोच दुसरा माणूस कुदळ घेऊन हजर व्हायचा. संचिताच्या बंगळुरूच्या साहेबाला मराठीचा गंध नव्हता, पण तिसऱ्या शिट्टीनंतर कुकर बंद होतो हे त्याला पाठ झालं होतं. दुसरी शिट्टी झाली की तो आपणहून बोलणं थांबवायचा.

एक दिवस संचिता तावातावाने काही आकडे समजावून सांगत असताना तिच्या आईने, शेवंतीबाईंनी, मिरचीची फोडणी दिली. संचिता ठसकली, कुंडीपासून वीतभर मागे सरकली, आणि साहेब तोंड उघडं ठेवून स्क्रीनवर गोठला. तिने लॅपटॉप मिटला आणि बाहेर येऊन वडिलांना शांतपणे सांगितलं,

"पप्पा, मी कोलशेतला रूम बघितलीय. माझी मैत्रीण आहे ना प्राची, तिच्यासोबत. थंडी संपली की शिफ्ट होते."

"का गं? इथे काय कमी आहे?"

"रेंज."

उत्तमराव पगारे आंबिवलीच्या एका शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून सोसायटीचे सेक्रेटरी होते. मुलगी एकुलती एक. संध्याकाळी काम संपलं की ती बाहेर येऊन "पप्पा, चहा टाकू?" असं विचारायची. त्या एका प्रश्नाची ते दुपारपासून वाट बघायचे. पोरगी गेली की हे घर खायला उठणार, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं.

रेंज आणणं तसं अवघड नव्हतं. मागच्याच वर्षी एक कंपनी सोसायटीच्या गच्चीवर फाइव्ह-जीचा टॉवर लावायला तयार झाली होती. पण सर्वसाधारण सभेत तो प्रस्ताव हाणून पाडला गेला, आणि हाणणाऱ्याचं नाव होतं उत्तम पगारे. त्या दिवशी ते उभे राहिले, त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "मित्रहो, तुम्ही शेवटची चिमणी कधी पाहिलीत?" सभा चिडीचूप झाली. मग चिमण्या, मधमाश्या, लहान मुलांचे मेंदू आणि नारळांचा घटता आकार अशा क्रमाने ते बराच वेळ बोलले. पहिल्या मजल्यावरच्या स्वप्ना वहिनींनी पदराने डोळे पुसले. तळमजल्यावरच्या आबा भोईरांचं डोकं तर भाषण चालू असतानाच दुखायला लागलं. ही इमारत ज्या भातशेतावर उभी होती ते मूळचं आबांचं, त्यामुळे त्यांच्या डोकेदुखीला सोसायटीत मान होता. गच्चीवर टॉवर नको, असा ठराव एकमताने झाला. त्या भाषणाचे कागद उत्तमरावांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवले होते.

म्हणतात ना, आपलेच दात आपल्याच घशात. उत्तमरावांनी कढीपत्त्यापाशी उभं राहून त्या कंपनीच्या रत्नदीपला फोन लावला आणि स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्याला गाठलं.

"काका, तुम्ही टॉवर हा शब्दच डोक्यातून काढा," रत्नदीप म्हणाला. "आता आपण टाकी लावतो."

"कसली टाकी?"

"पाण्याची असते ना, सेम तशीच. फायबरची. बाहेरून टाकी, आत अँटिना. बाजूला सोलर पॅनेल, म्हणजे लाईटपण कमी खाते. एकदम पर्यावरणवाली. पब्लिकला दिसतच नाही, मग पब्लिकला त्रासपण होत नाही."

"आणि ते किरण वगैरे?" उत्तमरावांच्या मनातून चिमण्या अजून पुरत्या उडाल्या नव्हत्या.

"त्याची मर्यादा ठरलेलीय, काका. आपलं त्याच्या पुष्कळ खाली असतं. मीटर घेऊन येतो, समोर मोजून दाखवतो."

"मग मागच्या वर्षी का नाही सांगितलंस हे?"

"सांगायला उठलेलो. तुम्ही चिमण्यांवर होतात."

सोसायटीचे अध्यक्ष सुदेश कदम वर्षातले बरेच महिने कोकणात आपल्या काजूच्या बागेत असत. तिथे रेंजवरून कधी वाद होत नसे, कारण ती नव्हतीच. "उत्तमराव करतील ते बरोबर," असं त्यांनी जाताना कायमचं सांगून ठेवलं होतं. उत्तमरावांनी कमिटीला सांगितलं, "गच्चीवर एक टाकी येतेय. सोबत सोलर पॅनेल. खर्च आपला नाही, कंपनीचा." ते खोटं बोलले नाहीत. त्यांनी फक्त पूर्णविराम जरा लवकर दिला.

टाकी आली. काळी, गोल, वर झाकण, चारचौघींसारखी. ती चालू झाली त्या दिवशी संचिता लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आली, हॉलमधून बेडरूममध्ये गेली, आणि तिथे दार लावून बसली. बंगळुरूच्या साहेबाने काळजीने विचारलं की घरचा कुकर बिघडला का.

"पप्पा, एकदम फुल रेंज कशी काय आली?"

"प्रगती आहे," उत्तमराव म्हणाले.

कोलशेतचा विषय पुन्हा निघाला नाही. उत्तमराव इतके खूश होते की त्यांनी बायकोला न विचारता जिलेबी आणली.

पण टाकी आणि सोलर पॅनेल शेजारीशेजारी दिसलं की आपल्याकडचा कुठलाही शहाणा माणूस एकच अर्थ काढतो. तो सगळ्यात आधी स्वप्ना वहिनींनी काढला. गच्चीवर पापड घालायला गेलेल्या वहिनी पापड तसेच सोडून खाली आल्या.

"काय हो पगारे काका, सोलरचं गरम पाणी आणताय आणि बोलत नाही होय? सरप्राइज काय?"

उत्तमराव "अं" म्हणाले. त्या "अं"चा वहिनींनी आपल्या सोयीने अर्थ लावला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. अलीकडे ग्रुपवर मेसेज फार पटापट पोचत होते. दुपारच्या जेवणापर्यंत नमस्काराच्या हातांची रांग लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या गुणाजी सावंतांनी तर आपला जुना गिझर भंगारवाल्याला देऊन टाकला.

तरी कुणीतरी खात्री करायला हवी होती. ती आबांनी केली. ते काठी टेकत गच्चीवर गेले आणि त्यांनी टाकीवर तळहात ठेवला. आतल्या यंत्रामुळे म्हणा, वरच्या उन्हामुळे म्हणा, टाकी छान कोमट लागत होती.

"उत्तम, पानी तापलंय रं," त्यांनी खाली येऊन जाहीर केलं.

मग आबांना एक गोष्ट सुचली. जन्मभर भातलावणी करून वाकलेली त्यांची पाठ थंडीत फार दुखायची. ते दुपारी गोणपाट घेऊन वर जायला लागले, टाकीला पाठ लावून बसायला लागले, आणि आठवडाभरात जिना काठीशिवाय उतरायला लागले. ज्या डोक्याला टॉवरचं नाव काढलेलं चालत नव्हतं, ते डोकं रोज दुपारी टॉवरलाच टेकून, तोंडावर पेपर घेऊन घोरू लागलं.

उत्तमरावांना राहवलं नाही. एकदा त्यांनी विचारलंच, "आबा, डोकं नाही ना दुखत?"

"कशाला दुखंल?" आबा म्हणाले. "टावर नाय ना लावू दिला आपून."

थंडी वाढली तसे लोक जिन्यात उत्तमरावांना अडवायला लागले. पाणी कधी सोडताय? उत्तमरावांनी आधी सांगितलं, पाईप यायचेत. मग सांगितलं, पाईप आलेत पण चुकीचे आलेत. मग ते भाजी आणायला मागच्या गेटने जायला लागले. शेवटी स्वप्ना वहिनींनीच पुढाकार घेतला. काळुराम प्लंबरला बोलावलं, घरोघरून संमती घेतली आणि सव्वीस जानेवारीचा दिवस ठरवला. आधी झेंडावंदन, मग गच्चीवर आबांच्या हस्ते नारळ, मग गरम पाणी.

नेमकी त्याच दिवशी संचिताची परदेशातल्या क्लायंटशी मीटिंग होती. त्यांना आपल्या प्रजासत्ताक दिनाचं काय. सकाळी ती म्हणाली, "पप्पा, आजची नीट झाली तर मला टीम मिळेल. आज नेट गेलं ना, तर संपलं. मग मी सरळ बॅग भरते."

झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत झालं, आणि सगळी सोसायटी कागदी झेंडे छातीला लावून गच्चीवर चढली. संचिता खाली बेडरूममध्ये दार लावून बसली होती. काळुरामने टाकीभोवती एक चक्कर मारली आणि बोटाने वाजवून बघितलं.

"ओ सेक्रेटरी, टाकी तर खाली हाय."

"भरायचीय अजून," उत्तमरावांच्या तोंडून निघून गेलं.

"मग भरू की," वहिनी म्हणाल्या. लगेच दोघं धावले आणि मोठ्या टाकीवरून नळी ओढून आणली. काळुराम झाकणाचे स्क्रू पाहू लागला.

"आज नको," उत्तमराव म्हणाले. "आज राष्ट्रीय सण आहे."

"म्हणून तर आज ठेवलंय."

"पण मुहूर्त बरा नाही."

आता मात्र सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. उत्तमराव पगाऱ्यांनी स्वतःचं लग्न भर आषाढात केलं होतं. मुहूर्त ही गोष्ट भाषणात खोडून काढण्यापुरतीच त्यांच्या तोंडात यायची. टाकीला पाठ लावून, मांडीवर नारळ घेऊन बसलेल्या आबांनीही मान वर केली.

"उत्तम, बरा हायस ना?"

काळुरामने झाकणाचा नाद सोडला. खालून पाईप काढायला भोक तर पाडावंच लागणार होतं. त्याने ड्रिल मशीन लावलं, एकदा हवेत फिरवून बघितलं, आणि टाकीच्या पोटाला टेकवलं. खाली संचिता परदेशातल्या लोकांना आकडे समजावून सांगत असणार. उत्तमराव पुढे झाले आणि हात पसरून टाकीला पाठ लावून उभे राहिले.

"थांबा. ही टाकी नाही. टॉवर आहे."

ड्रिल बंद झालं. नळीतून पाणी तेवढं गच्चीभर वाहत राहिलं. आबांनी सावकाश आपली पाठ टाकीपासून सोडवली, दोन हात पुढे सरकले आणि कपाळ धरलं.

"तरीच," ते म्हणाले.

"तरीच काय, आबा?"

"डोका दुखतंय."

"एक मिनिट," स्वप्ना वहिनी म्हणाल्या. "टॉवर आहे ते समजलं. गरम पाणी कुठेय?"

"गरम पाणी नाहीये."

खरी ठिणगी तिथे पडली. टॉवरचं लोकांनी ऐकून घेतलं असतं, पण गरम पाणी नाही म्हणजे काय? "चिमण्यांपायी रडवलंत हो आम्हाला," वहिनी म्हणाल्या. "गिझर दिला मी भंगारात," असं गुणाजी सावंत पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांच्या बोलण्यात दुसरा मुद्दा नव्हता, पण हा पुरेसा होता. कुणी म्हणालं राजीनामा द्या, कुणी म्हणालं आधी पाणी द्या आणि मग राजीनामा द्या.

"पोरगी चाललेली," उत्तमराव म्हणाले. आवाज नेहमीचा सभेतला नव्हता, त्यामुळे लोक गप्प झाले. "रेंज नाही म्हणून घर सोडून चाललेली. एकुलती एक आहे. मला दुसरं काही सुचलं नाही. चुकलं माझं."

तेवढ्यात गुणाजींचा फोन वाजला, पाठोपाठ वहिनींचा. दोघांनी ते जागच्या जागी उचलले आणि पलीकडचा आवाज स्वच्छ ऐकू आला. मागच्या वर्षीपर्यंत फोन आला की याच गच्चीवर "हॅलो, हॅलो" करत कठड्यापर्यंत पळावं लागे. फोन ठेवल्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि नजर चुकवली.

तिथेच, ओल्या गच्चीवर, तातडीची सभा झाली. मुलांचे मेंदू, मधमाश्या आणि नारळ यांचा उल्लेख कुणी केला नाही. ठराव झाला की कंपनीने खरीखुरी गरम पाण्याची टाकी बसवून द्यावी, नाहीतर ही खोटी उचलावी. संध्याकाळी रत्नदीप मीटर घेऊन आला आणि गच्चीच्या चारी कोपऱ्यांत मोजून दाखवू लागला, पण मीटरकडे कुणी बघेना. सगळ्यांना पाण्याची तारीख हवी होती. त्याने साहेबांना फोन लावला आणि तारीख मिळवली. हेड ऑफिसमध्ये याला लोकसहभाग म्हणतात, असंही त्याने जाताना उत्तमरावांना सांगितलं.

आबांनी काही दिवस डोकं धरून काढले. मग एका दुपारी ते पुन्हा गोणपाट घेऊन जिना चढताना दिसले, या खेपेला काठी टेकत.

"आबा, ती टॉवरची आहे," उत्तमरावांनी आठवण करून दिली.

"म्हाईत हाय. डोक्याला गोली भेटतं. पाठीला कनची गोली हाय?"

संचिताची मीटिंग उत्तम झाली होती. तिला टीम मिळाली. गच्चीवरचं सगळं तिला आईकडून कळलं, आणि संध्याकाळी ती वडिलांच्या शेजारी येऊन बसली. चहाचं तिने विचारलं नाही.

"पप्पा, मी कोलशेतची रूम पक्की केलेली."

"केलेलीस ना. आता नाही सांग त्यांना. रेंज आलीय की."

"रेंज हे सांगायला सोपं होतं," संचिता म्हणाली. "मला थोडे दिवस माझं माझं राहून बघायचंय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून रेंजवर ढकललं."

उत्तमरावांना वाईट वाटलंच. फार वाईट वाटलं. सगळ्या सोसायटीसमोर मान खाली घालताना वाटलं नव्हतं इतकं. मुलगी मोठी झाली, तिचं म्हणणं बरोबर आहे, हे सगळं त्यांना कळत होतं आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

"मला माहीत असतं ना तुम्ही एवढं करताय ते..." संचिता म्हणाली.

"तर गेली नसतीस?"

"तर आधीच खरं सांगितलं असतं."

ती गेली. आता पगाऱ्यांच्या घरात कोपऱ्याकोपऱ्यात रेंज होती आणि कुकरला हव्या तेवढ्या शिट्ट्या काढायची मोकळीक होती. उत्तमराव रोज संध्याकाळी मुलीला फोन लावायचे आणि रोज एक बाई त्यांना सांगायची की ही व्यक्ती संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. ती बाई फार नम्र होती, पण उत्तमरावांना ती आवडेनाशी झाली.

मग एका गुरुवारी सकाळी बेल वाजली. दारात संचिता, खांद्यावर लॅपटॉप.

"तिकडे बिल्डिंगमध्ये रेंजच नाही हो पप्पा. वायफायची लाईन येणार, येणार, नुसतं सांगतात. आणि टॉवरला अख्ख्या सोसायटीचा विरोध. स्विमिंग पूल आहे, जिम आहे, फोन करायला मेन गेटवर जा. मी गुरुवार ते रविवार इकडूनच काम करत जाऊ का?"

"लोक अडाणी असतात," उत्तमराव म्हणाले. चेहरा गंभीर ठेवायला त्यांना बरेच कष्ट पडले.

असे गुरुवार सुरू झाले. शेवंतीबाई बुधवारीच भाकरीचं पीठ दळून ठेवू लागल्या. संध्याकाळी बेडरूमचं दार उघडायचं आणि "पप्पा, चहा टाकू?" ऐकू यायचं. पोरीला तिचं घर मिळालं होतं आणि उत्तमरावांना अर्धी पोरगी. अर्ध्यावर ते सुखाने म्हातारे व्हायला तयार होते.

एका गुरुवारी संचिता उत्साहात आली.

"पप्पा, कोलशेतच्या सोसायटीची रविवारी मीटिंग आहे, टॉवरची. मी त्यांना सांगितलंय, माझ्या पप्पांनी शहाडला सगळ्या लोकांना पटवलं. त्यांनी तुम्हाला बोलवलंय, अनुभव सांगायला. रत्नदीपपण येतोय. तो म्हणाला, काका बोलले की काम झालंच समजा. मग मला इकडे सारखं पळत यायला नको."

"हो का," उत्तमराव म्हणाले. "येतो की."

शनिवारी दुपारी ते कपाटापुढे बसून काहीतरी उचकत होते. शेवंतीबाईंना प्लॅस्टिकची पिशवी दिसली.

"अहो, हे कशाला हवंय आता?"

"असू दे. संदर्भाला लागतं."

रविवारी कोलशेतच्या क्लबहाउसमध्ये गादीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. एसी चालू होता. पुढच्या रांगेत रत्नदीप मीटर मांडीवर घेऊन तयारीत बसला होता, शेजारी संचिता आणि प्राची. तिथल्या सेक्रेटरींनी पाहुण्यांची ओळख करून दिली: संपूर्ण सोसायटीचा विरोध ज्यांनी केवळ संवादातून मावळवला ते श्री. पगारे. टाळ्या झाल्या. उत्तमराव उठले. त्यांनी एकदा मुलीकडे बघितलं, तिच्या पायाशी ठेवलेल्या लॅपटॉपच्या बॅगेकडे बघितलं, आणि चष्मा काढला.

"मित्रहो," ते म्हणाले, "तुम्ही शेवटची चिमणी कधी पाहिलीत?"

सभा चिडीचूप झाली. रत्नदीपने मीटर हळूच पिशवीत ठेवला. संचिता वडिलांकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने फोन काढला आणि आईला मेसेज टाकला, "मम्मी, मी गुरुवारी येतेच आहे." तो अर्थातच गेला नाही.